काळ्या वायरवरचे अकरा व्होल्ट

गाडी गॅरेजात नेली की शहाण्यासारखी चालते आणि घाटात एकटं गाठून बंद पडते, हा दोष ज्यानं भोगला नाही त्याला त्यातली बोच सांगून समजत नाही. बंद पडण्याचा त्रास असतोच. पण आपलं कोणी खरं मानत नाही, याचा त्रास त्याहून मोठा. मिस्त्री किल्ली फिरवतो, इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होतं आणि तो मान वर करून आपल्याकडे बघतो. त्या बघण्यात सगळं येतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वायरमननं माझ्याकडे तसं बघितलं नाही. त्यांचं नाव लिहायला त्यांनीच मना केलं आहे. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणते.

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वडील साखरप्याजवळच्या एका वाडीत एकटे राहतात. आई गेल्यावर त्यांना कोल्हापूरला या म्हणून पुष्कळ विनवलं, पण घर, आगर आणि गोठा सोडून ते यायचे नाहीत हे मलाही ठाऊक होतं. मग जाणं-येणं माझ्याकडे आलं: बांबवडे, मलकापूर, आंबा, घाट उतरून साखरपा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की निघायचं आणि रविवारी संध्याकाळी परतायचं. एस.टी.च्या वेळा सांभाळून ते जमेना, म्हणून २०२१ च्या सुरुवातीला एका वापरलेल्या गाड्यांच्या दुकानातून पेट्रोलवर चालणारी लहान गाडी घेतली. २०१५ ची होती, रंग चकचकीत, आत नवी सीट कव्हरं, नवं कार्पेट. गाडीची कागदपत्रंही व्यवस्थित होती.

पावसाळा लागला आणि आंबा घाटात ती पहिल्यांदा बंद पडली. धक्का नाही, आचका नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये असताना इंजिनाचा आवाज एकदम नाहीसा झाला आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागून ट्रक येत होता. गाडी कशीबशी डावीकडे घेतली, चाकाला दगड लावला, दोन्ही इंडिकेटर चालू केले. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पेट घ्यायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप सुरू झालं, आणि कोल्हापूरपर्यंत काहीच न घडल्यासारखं चाललं.

त्यानंतर गॅरेजांच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं पेट्रोलचा पंप आणि फिल्टर बदलला. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. पडद्यावर एकही कोड आला नाही, म्हणून गाडीत दोष नाही असं सांगून त्यांनी बिल हातात दिलं. एका तरुण सुपरवायझरनं अतिशय नम्रपणे सुचवलं, ‘‘मॅडम, घाटात क्लच नीट दाबला जात नसेल.’’ मी बरीच वर्षं गाडी चालवते आहे. धाकटा भाऊ म्हणाला, विकून टाक, लचांड नको. विकली तर तीच गाडी उद्या आणखी कुणाला तरी रात्री घाटात गाठणार होती, कदाचित मागं लेकरं झोपलेली असताना. ते मला जमलं नसतं.

वस्तादांचं नाव शाळेच्या शिपायानं सांगितलं. उद्यमनगरात लेथ मशीन आणि फौंड्रीच्या कामांच्या गर्दीत त्यांची एका शटरची जागा आहे. बाहेर फुटपाथपर्यंत आलेल्या दोन-तीन गाड्या, आत भिंतीला टांगलेल्या जुन्या वायरिंगच्या जुड्या, टेबलावर मीटर, सोल्डरिंगची कावी आणि होल्डरात बसवलेले छोटे बल्ब. मी नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं आणि शेवटी सवयीनं म्हटलं, ‘‘पण आत्ता बंद पडणार नाही.’’

वस्ताद म्हणाले, ‘‘तुम्ही म्हणतासा म्हंजे पडतीयाच. आता कवा पडतीया तेवढं सांगा.’’

किल्लीला त्यांनी हातही लावला नाही. ते विचारत राहिले, आणि इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं ते विचारत राहिले. बंद पडल्यावर किल्ली तशीच ठेवली तर कोणते दिवे पेटतात? रेडिओ चालू राहतो का? किल्ली परत फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाचा घूंऽ आवाज येतो का? इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा उजळतो का? एसीचा पंखा फिरतो का? मला निम्म्याची उत्तरं देता आली नाहीत. ‘‘मग वही घाला,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी बंद पडली की आधी वहीत लिवायचं, मग सेल्फ मारायचा.’’

शाळेची दोनशे पानी वही घेऊन मी तिच्यात रकाने आखले. तारीख, जागा, चढ की उतार, किती वेळ चालली होती, पाऊस, हेडलाइट, वायपर, पंखा किती नंबरवर, कोणते दिवे, पंपाचा आवाज. हे करताना माझ्यात एक बदल झाला, तो आजही आठवतो. आधी गाडी बंद पडली की छातीत धडधड व्हायची. आता पेन शोधावं लागे. दोषाचा मला राग यायचा थांबला. तो कधी येतो, येताना काय बरोबर आणतो, हे बघायची उत्सुकता वाटू लागली. वस्तादांनी मला गाडीबद्दल काही शिकवायच्या आधीच माझ्या हातात साक्षीदाराचं काम दिलं होतं, आणि माझी साक्ष ते खरी धरणार होते.

सगळ्यांचं मत पावसावर होतं. पाणी कुठंतरी शिरतंय, असं जो तो म्हणायचा. मलाही तसंच वाटे, कारण गाडी बहुतेक वेळा पावसातच बंद पडली होती. दिवाळीनंतर वही घेऊन गेले तेव्हा वस्ताद स्टुलावर बसून अंगठा एकेका रकान्यावरून खाली नेत ती वाचू लागले. मध्येच थांबून त्यांनी दोन ओळींवर नख ठेवलं. एक नोंद धो धो पावसातल्या रात्रीची: काच खाली करून चालवली होती, पंखा बंद, गाडी साखरप्यापर्यंत नीट. दुसरी ऑक्टोबरातल्या कोरड्या दुपारची: ऊन, पंखा पूर्ण जोरावर, मलकापूरच्या पुढे बंद.

‘‘पाऊस न्हाई ह्यो,’’ ते म्हणाले. ‘‘पावसात तुम्ही काचंवरची वाफ घालवायला पंखा लावतासा. पंखा हाय ह्यो.’’

मग त्यांनी दिव्यांचा रकाना बघितला. बंद पडल्यावर रेडिओ चालू, हेडलाइट चालू, बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा पेटलेला. मात्र इंजिनाचा पिवळा दिवा किल्ली फिरवूनही उजळत नाही, पंपाचा आवाज येत नाही, आणि पंखाही मेलेला. तो पिवळा दिवा किल्ली फिरवली की क्षणभर उजळायलाच हवा. त्या गाडीत तो ईसीएम पेटवतो, म्हणजे इंजिनाचा सगळा कारभार बघणारा कॉम्प्युटर. तो उजळत नाही याचा अर्थ ईसीएमलाच त्या वेळी वीज मिळत नाही. स्कॅनरवर कोड का सापडला नाही, हेही मला तिथंच कळलं. कोड लिहून ठेवणारा तोच, आणि बंद पडणाराही तोच. आता ईसीएमचा फ्यूज वेगळा आणि पंख्याचा फ्यूज वेगळा. प्लसच्या बाजूला दोघांचं काही सामाईक नाही. तरी दोघं एकाच वेळी जातात. मग सामाईक काय उरलं? अर्थिंग.

हा विचार मी फळ्यावर मांडावा तसा इथे मांडला आहे. वस्तादांनी तो इतक्या शब्दांत सांगितला नाही. त्यांनी वही मिटली, दोन छोटे पार्किंगचे बल्ब काढले आणि म्हणाले, ‘‘उद्या सकाळी पन्हाळ्याला जाऊन येऊ या.’’

ते बल्ब कसे लावले ते सांगायलाच हवं, कारण इतकी साधी आणि इतकी नेमकी युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. पहिल्या बल्बाची एक तार मेन रिलेतून ईसीएमकडे जाणाऱ्या प्लसला आणि दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला. दुसऱ्या बल्बाची एक तार थेट बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी ईसीएमच्या काळ्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरला. पहिल्यावर लाल टेप, दुसऱ्यावर हिरवी. दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर माझ्यासमोर चिकटवले. ईसीएमला येणारी वीज तुटली तर लाल आधी जाईल, अर्थिंग तुटलं तर हिरवा. दोष कितीही लबाड असला तरी यातून त्याला सुटता येत नव्हतं.

पंखा चार नंबरवर, हेडलाइट चालू, काचा बंद. पन्हाळा रोडनं निघालो. वाघबीळचा चढ लागला आणि हिरवा बल्ब मंद झाला. एकदा उजळला, पुन्हा मंद झाला. लाल तसाच स्वच्छ पेटलेला. पंख्याचा आवाज उतरत गेला, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. एरवी इंजिन बंद पडण्याच्या धसक्यात ते कधी कानावर आलंच नसावं. मग हिरवा विझला, त्याच्या पाठोपाठ लाल, आणि इंजिन.

गाडी कडेला घेतल्यावर माझा हात सवयीनं किल्लीकडे गेला.

‘‘हात लावू नगा,’’ वस्ताद म्हणाले. मी त्यांना आवाज चढवून बोलताना ऐकलं ते त्या एकाच वेळी. ‘‘दारसुद्धा जोरात लावू नगा. आत्ता त्यो हजर हाय.’’

अधूनमधून येणाऱ्या दोषाची ही अडचण असते. शोधायला म्हणून कपलर काढला, वायर ओढली, गाडी हलली, तरी तो जोड पुन्हा टेकतो आणि दोष गायब होतो. मिस्त्रीला वाटतं आपल्या हातून दुरुस्ती झाली. म्हणून तो हजर असताना नुसतं मोजायचं. वस्ताद त्यांच्या जाडजूड अंगानं शक्य तितक्या हळू डाव्या सीटच्या पायांजवळ आडवे झाले. तिथलं प्लॅस्टिकचं झाकण त्यांनी निघतानाच मोकळं करून ठेवलं होतं. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसपासून आणलेल्या लांब वायरला, दुसरी बोल्टाच्या डोक्यावर. शून्य. बॉडीचं अर्थिंग पक्कं. मग तीच सुई बोटभर वर, त्याच बोल्टाखाली आवळलेल्या थिंबलमधून बाहेर येणाऱ्या काळ्या वायरला.

मीटरवर ११ च्या वर आकडा होता.

अर्थिंगच्या वायरवर शून्य असायला हवं. फार तर व्होल्टाचा दहावा हिस्सा. बोल्ट आणि वायर यांत दोन बोटांचं अंतर नव्हतं, आणि तेवढ्यात जवळजवळ अख्खी बॅटरी उभी होती. पंख्यातून आलेल्या विजेला बॉडीत उतरायला वाट नव्हती, म्हणून ती त्या काळ्या वायरींमध्येच तुंबली होती आणि ईसीएमचं अर्थिंग आपल्याबरोबर वर उचलत होती.

झाकणाच्या मागं बोट फिरवून वस्तादांनी ते मला दाखवलं. बोटावर पिवळसर, पिठासारखी मऊ, वाळलेली माती. ‘‘पुरातली हाय गाडी,’’ ते म्हणाले.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली होती, पाणी शाहूपुरीत आणि व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं होतं. पूर ओसरल्यावर वस्तादांच्या शटरसमोर बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि त्यांनी रात्रंदिवस तेच काम केलं होतं. ती माती त्यांना ओळखावी लागली नाही. बुडालेली गाडी नीट करायची तर आधी बॅटरी सोडवायची, सेल्फ मारायचाच नाही, सीट-कार्पेट बाहेर काढायचं, एकेक कपलर उघडून चांगल्या पाण्यानं धुवायचा, वाळवायचा आणि मगच जोडायचा. फार वेळखाऊ काम. माझ्या गाडीवर ते कुणी केलं नव्हतं. नवं कार्पेट टाकलं होतं, सीटना नवी कव्हरं चढवली होती आणि मला विकताना पुराचा एक शब्द काढला नव्हता. याचा राग मला अजून आहे आणि तो राहू द्यावा असंच मला वाटतं.

दुकानात परत आल्यावर त्यांनी ते थिंबल कापून माझ्या हातावर ठेवलं. कंपनीतून निघताना ईसीएमचं अर्थिंग आणि पंख्याचं अर्थिंग वेगवेगळं असतं. पुरानंतर कुणीतरी गंजलेली टोकं छाटून सगळ्या काळ्या वायरी एकाच थिंबलमध्ये कोंबल्या होत्या आणि वरून टेप गुंडाळली होती. टेप नवीच वाटत होती. वस्तादांनी ब्लेडनं ती उभी चिरली. आत तांब्याच्या तारांची हिरवी पूड झालेली. चिमटीत धरली तर झडली. मधोमध चार-सहा तारा तेवढ्या लालसर उरलेल्या. रेडिओएवढी वीज त्यांतून आरामात गेली असती. पण पंखा पूर्ण जोरावर असला की दहा-बारा अँपिअर तरी जाणार. तारा तापणार, ताणल्या जाणार, टेकलेला जोड सुटणार. पंधरा-वीस मिनिटांत थंड होऊन पुन्हा टेकणार. आंबा घाटातल्या माझ्या सगळ्या थांबण्यांचा हिशेब त्या नखाएवढ्या तुकड्यात होता.

ओहमचा नियम मी कितीतरी वर्षं दहावीला शिकवत आले होते. जॉर्ज ओहमनं तो १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. कुलूपकाराचा मुलगा, आणि त्याआधी कोलोनमध्ये शाळामास्तर. व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम, हे पोरांकडून मी पाठ करून घेतलं आहे. पण वस्तादांनी त्या दिवशी मीटर ओहमवर लावून तीच सडकी वायर मोजून दाखवली, आणि मीटरनं ती चांगली ठरवली! मीटर स्वतःची अगदी नाममात्र वीज सोडून मोजतो. तेवढ्याला चार तारासुद्धा पुरतात. दहा अँपिअर वाहत असताना ओहमचा दहावा हिस्सा आड आला तरी एक व्होल्ट खाल्ला जातो, हे वीज वाहत असतानाच मोजलं तर दिसतं. ‘‘बसलेल्या बैलाचा लंगडा पाय कळत न्हाई, त्येला चालवून बघाय लागतं,’’ वस्ताद म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी वर्गात हे असंच्या असं सांगितलं.

दुरुस्ती त्यांनी सावकाश केली. तांबं चकचकीत लागेपर्यंत वायरी मागं कापल्या, नव्या वायरीचे तुकडे जोडून सोल्डर केले, वर श्रिंक स्लीव्ह चढवली. पंख्याला वेगळं थिंबल, ईसीएमला वेगळं, दोन्ही वेगळ्या बोल्टांवर. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरनं पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासला आणि आवळल्यावर वरून व्हॅसलिन. मग कार्पेट उचलून राहिलेले कपलर एकेक करून उघडले. शेवटी सगळं चालू ठेवून पुन्हा मोजलं, तेव्हा व्होल्टाचे शंभरावे हिस्से दाखवणारा आकडा जेमतेम हलला. मजुरीचा आकडा त्यांनी सांगितला तो नुसत्या बॅटरीच्या किमतीपेक्षाही पुष्कळ कमी होता. मी जास्त द्यायला गेले तर म्हणाले, ‘‘निम्मं काम तुमच्या वहीनं केलंया बाई.’’

पुढच्या वर्षी मे महिन्यात वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांचा फोन आला तसा मी एकटी निघाले आणि पहाटे त्यांना मागच्या सीटवर निजवून त्याच घाटानं कोल्हापूरला आणलं. दोन्ही वेळेला पंखा चार नंबरवर होता. वडील आज वाडीत आहेत, आगरात नारळ मोजतात. वस्तादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी गाडीचं नाही, वडिलांचंच विचारलं, आणि औषधं वेळेवर घेतात का ते पुन्हा पुन्हा विचारलं.

उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे जाऊन बसते. मदत थोडी आणि शिकणं जास्त. मागच्या दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीत वायर वरून साबूत आणि आतून तुटलेली असते, हे तिथं बोटांनी चाचपून कळलं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो तेव्हा मागच्या दिव्याचं अर्थिंग आधी बघायचं. तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणारी प्रत्येक गाडी माझ्या गाडीसारखी नसते. कुठं क्रँक सेन्सर असतो, कुठं रिलेतल्या सोल्डरला केसाएवढी चीर. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर गाडी पूर्ण झोपू द्यायची, मग मायनसमध्ये मीटर घालून ५० मिलिअँपिअरच्या वर जातं का बघायचं आणि एकेक फ्यूज काढत जायचं. यातलं काहीही त्यांनी गुपित म्हणून राखलं नाही. त्यांच्याकडे काम शिकलेली पोरं आज इचलकरंजीपासून गडहिंग्लजपर्यंत आपापली शटरं चालवतात.

या सगळ्याची परतफेड करायची म्हटलं तर माझ्याकडे होतं काय? रकाने आखता येत होते. वहीतला तक्ता मी मराठीत नीट टाइप करून घेतला आणि झेरॉक्सचा गठ्ठा वस्तादांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ‘‘अधूनमधून बंद पडते’’ म्हणणारं गिऱ्हाईक आलं की ते त्याला एक कागद देतात, आणि गाडी पुन्हा बंद पडेपर्यंत खुशाल चालवा म्हणतात. कोणी कंटाळा केला तर त्याला माझी मळलेली वही दाखवतात. कागदात त्यांनी बदल मात्र एक करून घेतला. माझा पहिला रकाना तारखेचा होता. त्याच्याही वर त्यांनी प्रश्न घालायला लावला: याआधी गाडीवर कुणी, काय काम केलं?

परवा मी गेले तेव्हा एक तरुण जोडपं नुकतीच घेतलेली जुनी गाडी घेऊन आलं होतं. कागद भरलेला होता, सगळ्यात वरचा चौकोन तेवढा कोरा. वस्तादांनी दोघांना स्टुलं दिली, चहा सांगितला आणि आधी जुन्या मालकाला फोन लावायला बसवलं.